३एस वरून ४एस केलं आणि ईएससी जळाला: मोटर चुकली, बॅटरी चुकली की आणखी काही?

नवा खलाशी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ६८ सेंटिमीटर लांबीची, रिमोटवर चालणारी डीप-व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाची) बोट आहे माझ्याकडे. आत ३६६० आकाराची २६०० केव्हीची ब्रशलेस मोटर, ९० अँपिअरचा वॉटर-कूल्ड ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), ४ मिलिमीटरची फ्लेक्स शाफ्ट आणि ४२ मिलिमीटरचा दोन पात्यांचा प्रोपेलर. ३एस (सिरीजमध्ये तीन सेल) ५००० एमएएच लायपो बॅटरीवर दोन वर्षं काही तक्रार नव्हती. तीन मिनिटं पळवली की थांबवतो, चार्जर साधारण २९०० एमएएच परत भरतो. जीपीएसवर सर्वाधिक ६३ किमी/तास. मोटर बाहेर काढली तर जेमतेम कोमट.

जरा जास्त वेग हवा म्हणून दोन २एस पॅक सिरीजमध्ये जोडून ४एस केलं. ईएससीवर २ ते ६एस छापलंय, मोटरीच्या कागदावर ४एस चालेल असं आहे, त्यामुळे निर्धास्त होतो. पॅक बोटीच्या नाकाकडे बसवावे लागले, म्हणून बॅटरीकडच्या वायरी वीसेक सेंटिमीटरनी वाढवल्या. पहिल्या सरळ धावेत जीपीएसनं ७९ दाखवले! दुसऱ्या फेरीत वळणातून बाहेर पडताना फट् असा आवाज आला आणि हॅचच्या फटीतून पांढरा धूर.

ओढून आणली. ईएससीच्या तिन्ही कपॅसिटरची टोपणं फुगलेली, एकाच्या बुडाशी चॉकलेटी चिकट द्रव, आणि एक फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रांझिस्टर) करपून काळा. मोटरीवर हाताचं बोट टेकवेना इतकी ती तापली होती.

माझे प्रश्न: ९० अँपिअरऐवजी १५० चा ईएससी घेतला की काम भागेल का? की २६०० केव्हीची मोटरच ४एस साठी चुकीची आहे? आणि कागदावर ४एस लिहिलेलं असताना असं का व्हावं?

---

सोल्डरवाला

कपॅसिटर फुगले म्हणजे वाढवलेल्या वायरींचा हात आहेच. बॅटरी आणि ईएससी यांच्यात वायर जितकी लांब तितका इंडक्टन्स (करंट अचानक बदलायला होणारा विरोध) जास्त. ईएससी सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो, आणि प्रत्येक वेळी ते धक्के कपॅसिटरला सोसावे लागतात. जागेची अडचण असेल तर मोटरीकडच्या तीन वायरी लांब करा, बॅटरीकडच्या नको. तेही जमत नसेल तर ईएससीच्या अगदी तोंडाशी लो-ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेले) कपॅसिटर वाढवा.

बाकी, १५० चा ईएससी घ्याच. ९० अँपिअर या बोटीला कमीच होता.

---

सुकाणू

वायरींबद्दल वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. पण नुसता १५० अँपिअरचा ईएससी बसवून हीच मोटर, हाच प्रोपेलर आणि ४एस असं पुन्हा पाण्यात सोडू नका. ईएससी तगेल आणि पुढच्या वेळी मोटर जाईल. ही गोष्ट मी भोगलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी केव्हीबद्दल. केव्ही म्हणजे ताकद नव्हे. भार नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटात किती फेरे घेते तेवढंच तो आकडा सांगतो. ३एस चा सरासरी व्होल्टेज ११.१, म्हणजे तुमची मोटर २६०० × ११.१ = २८,८६० फेऱ्यांची. ४एस वर १४.८, म्हणजे ३८,४८०. अर्ध्या पाण्यात फिरणाऱ्या प्रोपेलरच्या अशा बोटींना २५ ते ३५ हजार हा पट्टा मानवतो. तुम्ही त्याच्या मधोमध होतात आणि एका उडीत बाहेर गेलात.

आता खरी मेख. व्होल्टेज ३३ टक्के वाढला म्हणजे भारही तेवढाच वाढला असं वाटतं, पण प्रोपेलर तसा वागत नाही. त्याला फिरवायला लागणारा टॉर्क फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो आणि ताकद घनानं. मोटरीचा करंट टॉर्कच्या मागे जातो. तुमच्याच आकड्यांवर बघू.

चार्जरनं २९०० एमएएच भरले, वेळ तीन मिनिटं. २.९ भागिले ०.०५ तास, म्हणजे सरासरी ५८ अँपिअर. (वॉटमीटर नसला तरी हा हिशोब प्रत्येक फेरीनंतर करता येतो, आणि माझ्या मते तो सगळ्यांनी वहीत लिहून ठेवावा.) सरासरीत वळणं आणि कमी थ्रॉटल आलं, तेव्हा सरळ पट्ट्यात पूर्ण थ्रॉटलला ७० धरू. ११.१ × ७० म्हणजे ७७७ वॉट. ९० च्या ईएससीला हे झेपत होतं.

४एस वर फेरे १.३३ पट. करंट १.३३ चा वर्ग, म्हणजे १.७८ पट, १२५ अँपिअरच्या आसपास. ताकद २.३७ पट, जवळजवळ १८५० वॉट. प्रत्यक्षात बॅटरीचा व्होल्टेज भाराखाली बसतो, वेग वाढला की बोट पाण्यातून वर येते, त्यामुळे आकडा थोडा खाली राहतो. तरी ९० च्या खूप वर. शिवाय वळणातून बाहेर पडताना बोटीचा वेग पडलेला असतो, प्रोपेलर पाण्यात खोल असतो आणि तुम्ही थ्रॉटल पूर्ण दाबता. सगळ्यात मोठा करंट तिथेच जातो. फट् आवाज नेमका तिथे आला यात मला काही नवल वाटत नाही.

मोटरीच्या कागदावर ४एस लिहिलेलं खोटं नाही. ४एस ला ती मोटर फिरेल, तिचं इन्सुलेशन टिकेल. कोणत्या प्रोपेलरवर, हे तो कागद सांगत नाही. ईएससीवरचं ६एस सुद्धा फक्त व्होल्टेजची मर्यादा आहे.

माझी बोट थोडी मोठी होती. मीही असाच व्होल्टेज वाढवला होता, आणि ईएससी मोठा असल्यामुळे तो तगला. तळ्याच्या मध्यावर बोट आचके द्यायला लागली आणि थांबली. काढून बघितलं तर मोटरीच्या वायरीवरचा ४ मिलिमीटरचा बुलेट कनेक्टर सुटून आडवा पडलेला. त्यातलं सोल्डर वितळून बोटीच्या तळाशी बारीक थेंब थिजले होते, आणि हीट-श्रिंक आकसून तपकिरी झालं होतं. सोल्डर वितळायला साधारण १८० अंश लागतात. वायर तितकी तापली तर आतल्या वाइंडिंगचं काय झालं असेल, हे त्या दिवशी माझ्या नीट लक्षात आलं. तेव्हापासून मी मोटर निवडायची सुरुवात मोटरीपासून करत नाही.

क्रम असा धरा. बोटीच्या सांगाड्याला साजेसा प्रोपेलर आणि त्याचे फेरे आधी ठरवा. तुमच्या बाबतीत ते ठरलेलंच आहे: ४२ मिलिमीटर, २९ हजारांवर दोन वर्षं समाधानानं चालला. मग व्होल्टेज ठरवा, जागा आणि वजन परवानगी देईल तितका जास्त. आणि शेवटी त्या दोघांना जुळणारा केव्ही शोधा.

समजा वेग तोच ठेवून ४एस करायचं आहे. मग २८,८६० भागिले १४.८ म्हणजे १९५० केव्ही. प्रोपेलर तोच, फेरे तेच, वॉट तेच ७७७, पण करंट ७० वरून साडेबावन्नवर. वायर, कनेक्टर आणि ईएससीत जी उष्णता वाया जाते ती करंटच्या वर्गानं मोजायची, म्हणजे ती ५६ टक्क्यांवर येते. मोटरीच्या आत मात्र फारसा फरक पडत नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात. कमी केव्हीच्या वाइंडिंगमध्ये वेढे जास्त आणि तार बारीक असते, तिचा रोध त्याच प्रमाणात वाढलेला असतो. ४एस चा फायदा मोटरीच्या बाहेर आहे.

तुम्हाला वेग वाढवायचा आहे, म्हणून मी २१०० केव्ही सुचवेन. ४एस वर ३१,०८० फेरे, म्हणजे आधीपेक्षा पावणेआठ टक्के जास्त. ताकद सव्वापट, ९७१ वॉट. करंट ६५-६६ अँपिअर, म्हणजे तुमच्या जुन्या ३एस पेक्षाही कमी! वेग ६८ च्या आसपास यावा. ७९ च्या तुलनेत हे थोडं वाटेल, पण ७९ ला या ३६ मिलिमीटर व्यासाच्या मोटरीतून जी ताकद ओढली जात होती ती तिच्या आवाक्यातली नव्हती. तो वेग कायम हवा असेल तर ४० मिलिमीटर व्यासाची लांब मोटर, जाड शाफ्ट आणि बहुधा वेगळा सांगाडा लागेल.

जुनीच मोटर ४एस वर चालवायचा एक मार्ग आहे: प्रोपेलर लहान करा. टॉर्क व्यासाच्या पाचव्या घातानं बदलतो, त्यामुळे ४२ वरून ३७ ते ३८ मिलिमीटर केलं की करंट पुन्हा ७० वर येतो. पण फेरे ३८ हजारच राहतात. तितक्या वेगात ४ मिलिमीटरची फ्लेक्स शाफ्ट जरा जरी वाकडी किंवा कोरडी असली तरी नळीत थरथरते, आणि प्रोपेलरचा तोल बारकाईनं साधावा लागतो. मी हा मार्ग घेणार नाही.

ईएससी १२० अँपिअरचा पुरे. आणि थंड करून बाहेर येणाऱ्या पाण्याची धार किती जोरात पडत होती ते आठवतंय का?

---

टग बोट

वरचं सगळं पळणाऱ्या बोटींना लागू आहे. कोणी हा धागा वाचून टग किंवा मासेमारी ट्रॉलरच्या मॉडेलमध्ये ३० हजार फेरे घालू नये म्हणून दोन ओळी. पाण्यावर न चढणाऱ्या, पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीनं बांधलेला असतो. पाण्यावरची लांबी एक मीटर असेल तर साडेचार किमी/तासाच्या पुढे ताकद नुसती लाट उभी करण्यात जाते. तिथे मोठा, पूर्ण बुडालेला प्रोपेलर आणि काही हजार फेरेच हवेत. मी ५०० केव्हीची आउटरनर (बाहेरचं कवच फिरणारी मोटर) ३एस वर वापरतो, साडेपाच हजार फेरे. पाण्याचं जॅकेटही लागत नाही.

---

सोल्डरवाला

माझ्या आधीच्या उत्तरात प्रोपेलरचा विचार राहिला होता, सुकाणूंचं म्हणणं बरोबर आहे.

आणखी एक. ते दोन २एस पॅक एकाच वयाचे होते का? एक जुना आणि एक नवा असेल तर ईएससीचा लो-व्होल्टेज कटऑफ फसतो, कारण तो फक्त एकूण व्होल्टेज बघतो. प्रति सेल ३.२ लावला तर ४एस ला १२.८ ला तोडणार. नव्या पॅकचे सेल ३.६ वर आणि जुन्याचे २.८ वर असले तरी बेरीज १२.८ च होते. जुना पॅक तोवर मेलेला असतो. सिरीजमध्ये जोडायचे पॅक एकाच क्षमतेचे, एकत्र घेतलेले आणि एकत्र वापरलेले असावेत.

---

नवा खलाशी

इतकं समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. करंटचा वर्ग आणि ताकदीचा घन हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

पॅकबद्दल: हो, एक वर्षभर जुना होता. चार्जरवर आज तपासलं, त्याच्या एका सेलचा अंतर्गत रोध बाकीच्यांच्या दुप्पट दाखवतोय. तो बाजूला काढला.

पाण्याची धार: खरं सांगायचं तर मी त्या दिवशी बघितलीच नाही. आज बोटीच्या सुकाणूच्या पात्यावरचं पाणी घेणारं भोक बघितलं, त्यात शेवाळाचा तंतू अडकून बसला होता. फुंकलं तर जेमतेम हवा जात होती.

२१०० केव्हीची ३६६० मोटर आणि १२० चा ईएससी मागवतो. आल्यावर आधी काय तपासू?

---

सुकाणू

तो शेवाळाचा तंतू पण गुन्ह्यात सामील आहे तर! पाण्याची धार बोट काठाजवळून जाताना डोळ्यांनी दिसली पाहिजे. भोकात फुंकर मारून नळी मोकळी आहे का बघणं हे माझं प्रत्येक फेरीआधीचं काम आहे, बॅटरी जोडायच्याही आधीचं.

मोटर आली की तिचा खरा केव्ही मोजा, छापील आकड्यावर विसंबू नका. ड्रिल मशीनमध्ये मोटरीचा शाफ्ट धरा, मोटरीचं अंग घट्ट बांधा, तीनपैकी कोणत्याही दोन वायरींना मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. तिसरी मोकळी, पण कशाला टेकू देऊ नका. ड्रिलचे फेरे ऑप्टिकल टॅकोमीटरनं मोजा, चकवर पांढऱ्या टेपचा एक तुकडा लावून. मग फेरे भागिले (व्होल्ट × १.४१४). उदाहरणार्थ २८०० फेऱ्यांना ०.९४ व्होल्ट आले तर २१०७ केव्ही. काही टक्के इकडेतिकडे चालतं.

पहिली धाव फक्त एक मिनिट. काठाला आणा, लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरनं मोटर, ईएससी, दोन्हीकडचे कनेक्टर आणि बॅटरी बघा. मोटरीचं अंग ६० अंशांच्या खाली हवं, कारण आतलं वाइंडिंग त्याहून बरंच गरम असतं. मग चार्जरवर किती भरलं ते बघून अँपिअर काढा. सगळं ठीक असेल तरच दोन मिनिटं, मग तीन.

मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करा. फ्लेक्स शाफ्टचे वेढे फिरण्याच्या दिशेनं आवळले गेले पाहिजेत, उलट्या दिशेला ती उसवते. आणि ग्रीस दर पाण्यातल्या दिवसानंतर नवं.

---

नवा खलाशी

तीन आठवड्यांनी येतोय. सगळं बसवलं, एकाच वयाचे दोन नवे २एस ५००० पॅक, आणि बॅटरीकडच्या वायरी मूळ लांबीच्या. पॅक थोडे मागे घेतले, बोटीचा तोल ट्रिम टॅबनं (मागच्या कडेच्या छोट्या पट्टीनं) सावरला.

केव्ही मोजला, ०.९४ च्या आसपासच आला. तीन मिनिटांच्या फेरीनंतर चार्जरनं २६८० एमएएच भरले, म्हणजे सरासरी ५३.६ अँपिअर, आधीच्या ५८ पेक्षा कमी. जीपीएसवर ६८. मोटर ५१ अंश, ईएससी ४४, कनेक्टर हाताला गार. मी हा आकडा दोनदा तपासला, विश्वास बसेना.

एक शंका राहिली. जुनी २६०० ची मोटर धूर निघाला तरी फिरते. तिला ड्रिलला लावून बघितलं तर २८०० फेऱ्यांना ०.७० व्होल्टच येतात, म्हणजे साधारण २८३०. केव्ही वाढला कसा? ती ३एस वर दुसऱ्या बोटीत वापरू का?

---

सुकाणू

५१ अंश वाचून फार बरं वाटलं.

जुन्या मोटरीबद्दल: मॅग्नेट तापून कमजोर झाले की केव्ही वाढतो. उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. चुंबक दुबळा झाला की त्याच फेऱ्यांना विरोधी व्होल्टेज कमी तयार होतो, त्यामुळे मोटर जास्त फेरे घेते आणि तेवढ्याच टॉर्कला जास्त अँपिअर खाते. साधे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या पुढे कायमची शक्ती गमवायला लागतात. चांगल्या ग्रेडचे १५० पर्यंत टिकतात, पण तुमच्या मोटरीत कोणते आहेत हे बाहेरून कळायचं नाही.

२८३० हे कमजोर मॅग्नेटमुळे आहे की पहिल्यापासूनच तशी होती, हे सांगता येत नाही, कारण नवी असताना मोजलेली नव्हती. म्हणून आणखी एक गोष्ट बघा. प्रोपेलर आणि शाफ्ट सोडवून ती ३एस वर मोकळी फिरवा आणि करंट मोजा. कागदावरच्या नो-लोड करंटपेक्षा तो बराच जास्त आला, किंवा फिरताना खरखर ऐकू आली, तर बेअरिंग किंवा वाइंडिंग गेलेलं आहे आणि तिला पाण्यात नेऊ नका. करंट ठीक आला तर ३एस वर वापरा, पण ती २८३० ची मोटर समजून: ३१,४०० फेरे, आणि प्रोपेलर ४२ ऐवजी ३९ किंवा ४० चा. पहिली धाव एकच मिनिट, आणि थर्मामीटर सोबत.

नव्या मोटरीचा ०.९४ चा आकडा आणि तारीख तिच्या अंगावर मार्करनं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी याच ड्रिलवर पुन्हा मोजा.